बेहेरेबाईंचा उतारा

आमच्या समोरच्या बेहेरेबाई दारू प्यायलेल्या माणसाला वर्तमानपत्र वाचायला लावायच्या. उभं करून, मोठ्यानं, स्वल्पविरामाला थांबून. आदल्या रात्रीची उतरली आहे की नाही हे ओळखायची त्यांची ती पद्धत होती. डोळे लाल आहेत का, हात थरथरतात का, हे त्या बघतच नसत.

"डोळे जागरणानंही लाल होतात," त्या म्हणायच्या. "जोडाक्षर मात्र खोटं बोलत नाही. ज्याला 'निःशस्त्रीकरण' एका दमात म्हणता आलं त्याची उतरली. जा घरी."

स्वतः बाईंनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा त्या आधी चष्मा लावून चारी बाजूंनी वाचायच्या. तरी रविवारी सकाळी आमच्या जिन्यातून जो डोकं धरून खाली यायचा, तो त्यांच्याच दारात थांबायचा.

आमची इमारत मांजरीला. हडपसरच्या बाजूला कंपन्या आल्या आणि इकडे उसाची शेतं मोडून घरं उभी राहिली, त्यातलीच ही एक. मागच्या बाजूला अजून थोडा ऊस शिल्लक होता. वारा सुटला की त्याची सळसळ ऐकू यायची आणि बाई म्हणायच्या, "ऐक, मूळ रहिवासी बोलतायत." बाई नारायण पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान फार पूर्वी गेलेले, मूलबाळ नाही. पेठेतली भाड्याची जागा सोडावी लागली तेव्हा त्यांनी इथं लहानसं घर घेतलं. कुणी पत्ता विचारला तर सांगायच्या, "मी पुण्यात राहत नाही. पुण्याच्या समासात राहते."

माझं नाव मंगल. आमचे हे कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. माझं शिक्षण चौथीपर्यंत. बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडते, आणि पुरुषमाणसाशी बोलायचं असेल तर आवाजच फुटत नाही. बाईंना ते पहिल्याच आठवड्यात कळलं. त्या म्हणाल्या, "मंगल, तू म्हणजे अनुस्वार आहेस. लिहिलेली दिसतेस, पण ऐकू येत नाहीस." मला राग आला नाही. मला अनुस्वार आवडतो.

उताऱ्याची सुरुवात झाली ती वानखडेपासून. आमच्या वरच्या मजल्यावर चार पोरं भाड्यानं राहायची, सगळी विदर्भातली, सगळी कॉम्प्युटरच्या कंपनीत. वानखडे वर्ध्याचा. एका रविवारी सकाळी मी दारासमोर रांगोळी काढत होते आणि बाई दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होत्या, तर हा मधल्या पायरीवर दोन्ही हातांत डोकं घेऊन बसलेला.

बाई थांबल्या. हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

त्यानं एक डोळा उघडला. "कुठं गेलं?"

"अहो, कोण वारलं विचारते. असे बसलात म्हणून."

"कोणी नाही वारलं, बाप्पा. मीच मरून राह्यलो."

"काय होतंय?"

"हँगओव्हर आहे, मॅडम."

"मॅडम कॉलेजात असतात. मी बाई. आणि आता हे मराठीत सांगा."

वानखडेनं बराच विचार केला. त्या अवस्थेत त्याला ते फार जड गेलं असणार. "काल पार्टी होती, बाई. दारू पिली. आज डोकं…"

"'पिली' नाही. 'प्यायलो'. आधी क्रियापद सरळ करा, मग डोक्याचं बघू."

"प्यायलो," तो रडवेल्या आवाजात म्हणाला.

"आत या."

मला त्यांनी मान हलवून बोलावलं, कारण एकट्या बाईच्या घरात प्यायलेला पुरुष, म्हणून बरोबर कुणी असावं. मी आपली रांगोळीच्या हातानंच दारापाशी उभी राहिले. बाईंनी आमसुलाचं सार केलं. तुपात जिऱ्याची फोडणी, बोटभर गूळ, मीठ. आदल्या दिवशीचं काही नाही, सगळं ताजं. सोबत मऊ भात आणि मेतकूट. वानखडेनं पहिला पेला एका दमात तोंडाला लावला, तर बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. पट्टी त्यांच्या घरात कायम हाताशी असायची.

"स्वल्पविराम! वाक्य आहे का ते, एका श्वासात संपवायला? एक घोट, मग स्वल्पविराम. परत एक घोट."

वानखडे घोट घ्यायचा आणि थांबायचा. थांबल्यावर बाईंकडे बघायचा. बाईंनी मान हलवली की पुढचा घोट. मला पदर तोंडाला लावून हसू दाबावं लागलं.

मग त्यांनी त्याला रविवारची पुरवणी दिली आणि एक परिच्छेद दाखवला. "वाचा. आणि खाली मी प्रश्न विचारीन."

"कशाला, बाई?"

"उतारा घेतलात ना? मग उतारा वाचायला नको? मी आयुष्यभर मुलांना एकच सांगत आले. उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरं द्या. तुम्ही उत्तर दिलंत की मी समजेन, डोकं जागेवर आलं."

वानखडेनं धरणाच्या गेटबद्दलचा परिच्छेद वाचला, प्रश्नांची उत्तरं दिली, आणि आश्चर्य म्हणजे जाताना ताठ चालत गेला. साराचा गुण होता, की भाताचा, की बाईंच्या धाकानं दारू पळाली, मला सांगता येणार नाही. पण त्याच्या खोलीत बातमी पोचली. तोवर त्या पोरांचे आपापले उपाय असायचे. एक कोरी कॉफी प्यायचा, एक लिंबू चोखायचा, एक कच्चं अंडं गिळून मग तासभर पस्तावायचा. चौथा गावंडे, यवतमाळचा. त्याचं म्हणणं, सकाळी परत थोडीशीच घेतली की बरं वाटतं. ते ऐकून बाई म्हणाल्या, "बुडालेल्या माणसाला पाणी पाजण्यातला प्रकार आहे हा." पुढच्या रविवारी गावंडेही रांगेत होता.

गावंडेचं वाचन हा एक वेगळाच घोळ होता. पहिल्या दिवशी त्यानं सार घेतलं, स्वल्पविराम पाळले, उभा राहिला आणि वाचायला लागला, "आज सकायी मंडयाच्या सभेत…"

पट्टी वाजली. "बसा. उतरली नाही अजून. 'सकाळी'. 'मंडळाच्या'."

त्याला आणखी एक पेला मिळाला. पुन्हा उभा राहिला. "सकायी."

तिसऱ्या पेल्याला तो काकुळतीला आला. "बाई, माझी केव्हाची उतरली."

"मग ळ का येत नाही? हे दारूचं लक्षण नसेल तर कशाचं आहे?"

"यवतमायचं, बाई."

बाईंनी पट्टी खाली ठेवली. मग त्या हसल्या. मी त्यांना तोपर्यंत हसताना पाहिलंच नव्हतं. त्यांचे खांदे हलायला लागले, चष्मा काढावा लागला. "यवतमाळला ळ माफ," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "बाकीच्यांना नाही."

हळूहळू इतर इमारतींतूनही कुणी कुणी यायला लागलं. वेळीअवेळी बेल वाजायची. म्हणून बाईंनी दारावर पाटी लावली. स्वच्छ वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'येथे उतारा मिळेल. फक्त रविवारी, सकाळी. बेल एकदाच वाजवावी. बहिरे आपण असाल, आम्ही नाही.'

या पाटीनं एक गंमत झाली. तेव्हा आमच्या बाजूला जमिनींचे व्यवहार जोरात होते, आणि जमिनीचा म्हटलं की सातबाराचा उतारा आला. एका रविवारी पांढरे कपडे, हातात कागदांची पिशवी असा एक गृहस्थ दारात उभा राहिला. घामाघूम झालेला, डोळे तारवटलेले.

"उतारा इथंच मिळतो ना?"

"इथंच. बसा."

तो बसला. मी सार आणून ठेवलं. तो खूश. म्हणाला, "असं ऑफिस पयलं बगितलं. तलाठ्याकडं तर कुणी पाणीबी इचारत न्हाय."

बाई म्हणाल्या, "स्वल्पविराम घ्या."

"घेतो की. काय बी द्या."

दोन पेले झाले. भातही झाला. त्यानं तोंड पुसलं आणि पिशवी उघडली. "आता उतारा द्या."

"दिला की."

"कवा?"

"आत्ता नाही का घेतलात? दोनदा."

"बाई, थट्टा करताय काय? मला गटाचा उतारा पायजे."

बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "गटागटा प्यायली असणार यानं. फार चढलीय." आणि त्याच्या पुढ्यात पुरवणी ठेवली. "हा घ्या उतारा. मोठ्यानं वाचा." त्या माणसानं पुरवणीत आपली जमीन शोधायला सुरुवात केली. सगळा उलगडा होईपर्यंत तिसरा पेला संपला होता. जाताना तो म्हणाला, "जमिनीचं र्‍हाऊ द्या. पण ते आंबट काय होतं ते आमच्या मंडळीला लिवून द्या." बाईंनी मला सांगितलं आणि मी लिहून दिलं. फोडणी मी 'फोडनी' लिहिली होती. बाईंनी तो कागद त्याच्या हातातून परत घेऊन दुरुस्त करून दिला.

माझ्या सासूबाई गावाहून आल्या की त्यांचं तिसरंच. उतारा म्हटलं की त्यांना तिठ्यावर टाकलेला भात, लिंबू आणि मिरची आठवायची. बाईंच्या दारावरून जाताना त्या साडी वर धरून भिंतीला चिकटून जायच्या. बाईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मीही बाधाच उतरवते."

बाई तिखट बोलायच्या, पण कुणाला कुठं लागेल हे त्यांना कळायचं. त्याचं एक उदाहरण माझ्याच घरातलं आहे. आमचे हे सुट्टीच्या दिवशी कधीतरी घेतात. ड्रायव्हर माणूस, एरवी शिवत नाहीत. एकदा मित्राच्या पोराच्या बारशाला घेऊन आले आणि सकाळी उठवेना. मी कसंबसं त्यांना समोर नेलं. सार झालं, भात झाला. आता वाचायची वेळ आली. यांना अक्षरं येतात. पाट्या, नंबर सगळं वाचतात. पण छापील परिच्छेद समोर आला की यांच्या कपाळावर घाम येतो, आणि चारचौघांत तर नकोच. खोलीत वानखडे आणि गावंडे बसलेले. इंजिनियर पोरं. यांनी पुरवणी हातात घेतली आणि गप्प उभे राहिले. 

बाईंनी पुरवणी सहज काढून घेतली. "ड्रायव्हर लोकांना पुरवणी नसते," त्या म्हणाल्या. "तुम्ही थांबे सांगा. घरापासून सुरुवात."

यांचा चेहरा उजळला. "मांजरी फाटा, पंधरा नंबर, गाडीतळ, वैदूवाडी, रामटेकडी, फातिमानगर, पूलगेट, स्वारगेट."

"आता उलटे."

यांनी उलटेही सांगितले, एकही न चुकता, वर कुठल्या थांब्याला चढ आहे आणि कुठं खड्डा आहे तेही. वानखडेनं म्हटलं, "भाऊ, आम्हाला तर सरळही नाही येत." बाई म्हणाल्या, "उतरली. परतीचा प्रवासही जमला. जा घरी." त्या दिवसापासून आमच्या घरात बाईंच्या विरुद्ध कुणी शब्द काढलेला चालत नाही.

रविवारी सकाळी बाईंचं घर असं गजबजलेलं असायचं. चपला जिन्यापर्यंत. त्या पोरांना ओरडायच्या, "शनिवारची रात्र तुमची, आणि रविवारची सकाळ माझी घालवता." दारूवर त्यांचं भाषण व्हायचं, तेही दर वेळी तेच. पण शनिवारी संध्याकाळी त्या मला हाक मारायच्या, "मंगल, आमसुलं भिजत घातलीस का गं? महिन्याची अखेर, पगार झालेत, उद्या पोरं जास्त असतील." त्या वेळी त्यांचा आवाज सणाच्या आदल्या दिवसासारखा असायचा.

आणि मग बाईंनी स्वतःच घोळ घातला.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी कामठे. ज्या शेतावर इमारत आहे ते शेत पूर्वी त्यांचंच. तळमजल्यावरच्या कुणीतरी त्यांच्याकडे तक्रार केली की भाड्याची पोरं पितात, जिन्यात बसतात. कामठ्यांनी पार्किंगमध्ये सभा बोलावली. खुर्च्या कमी, माणसं जास्त. कामठे उभे राहिले. "हे काय बरं न्हाय. आपली बायकापोरं हायती. तवा ठराव असा हाय, की भाडेकरू दारू पिऊन घावला तर त्याची खोली खाली करायची."

"'खाली करायची' नाही, कामठे," बाई मागून म्हणाल्या. "'रिकामी करावी'. आणि 'आढळल्यास'."

"तसं लिवा. कुणाकुणाची संमती हाय?"

सगळ्यात आधी हात वर गेला तो बेहेरेबाईंचा. सरळ, ताठ, वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी करते तसा. कामठे म्हणाले, "बगा! बाईंचा पैला हात." टाळ्या झाल्या. बाई समाधानानं सगळीकडे बघत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि माझ्या मनात आलं, आता रविवारी कोण येणार? पण मी अनुस्वार. बोलले नाही.

पोरं घाबरली. मांजरीत दुसरी खोली मिळणं सोपं नव्हतं, एकट्या पोरांना तर नाहीच. त्यांनी पिणं सोडलं. रात्री खोलीत कॅरम खेळायचा आवाज यायला लागला.

पहिल्या रविवारी बाईंनी नेहमीचं मोठं पातेलं चढवलं. भात केला. पुरवणीतला परिच्छेद शोधून त्याला पेन्सिलीनं खूण केली. मी पेले मांडले. कुणी आलं नाही. बाईंनी दार उघडून पाहिलं. बेल बिघडली आहे का म्हणून स्वतःच दाबून पाहिली. एकदाच.

"वरची पोरं बरी आहेत ना गं?"

"बरी आहेत, बाई. पीत नाहीत आता."

"छान," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "फार छान झालं."

सगळं सार आमच्याकडे आलं. आम्ही ते दोन दिवस प्यायलो. पुढच्या रविवारीही तेच. आमचे हे म्हणाले, "मंगल, आता माझ्या अंगाला आमसुलाचा वास यायला लागला. बसमधल्या पोरी विचारतात."

त्याच्या पुढच्या रविवारी बाई आमच्या दारात आल्या. हे पेपर चाळत बसले होते. बाई इकडचं तिकडचं बोलल्या. पाण्याचा टँकर, ऊस, डास. मग साडीचा काठ सारखा करत यांना म्हणाल्या, "आणि आपलं कसं काय हल्ली? सुट्टीच्या दिवशी वगैरे? मित्रांकडे बारसं, मुंज असं काही?"

"नाही हो, बाई. बिलकुल बंद!" हे घाबरून उभेच राहिले. "शपथ घेतो."

"नको, शपथ कशाला," बाई पडलेल्या आवाजात म्हणाल्या. "चांगलंच आहे." आणि परत गेल्या.

यांना वाटलं, बाई तपासणीला आल्या होत्या. मला तसं वाटलं नाही. मी त्यांना परत जाताना पाठीमागून पाहिलं होतं. समोरच्या चार पावलांना त्यांना फार वेळ लागला. त्या संध्याकाळी त्यांनी दारावरची पाटी काढली. मी विचारलं तर म्हणाल्या, "गरज संपली की पूर्णविराम द्यायचा असतो. उगाच टिंबं टिंबं देत बसू नये."

बाकीचे वार बाईंना जड जात नसावेत. भाजी, बँक, ग्रंथालय, काहीतरी असायचं. पण रविवारी सगळ्यांच्या घरी माणसं असतात. त्यांच्या घरातून रेडिओचाही आवाज यायचा नाही. आता पुढच्या रविवारीही त्या पातेलं चढवतील, की तेही बंद करतील, हाच विचार माझ्या डोक्यात आठवडाभर होता.

शुक्रवारी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते. वानखडे त्याची पँट न्यायला आला. मी नेहमीसारखी भिंतीकडे तोंड केलं. तो पँट घेऊन निघाला, जिन्यापर्यंत पोचला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई सार करतात."

तो वळला. "अं, वहिनी?"

"दर रविवारी करतात. कुणी येत नाही."

"पण आम्ही पीतच नाही ना आता. उतारा कशावर घ्यायचा?"

 मी कपड्यांचा गठ्ठा तोंडासमोर धरला आणि त्याच्या शेजारून खाली पळाले. पायऱ्या उतरताना माझे कान तापले होते. वाटलं, आपण उगाच बोललो.

रविवारी बाईंनी लहान पातेलं घेतलं होतं. माझ्यापुरतं आणि त्यांच्यापुरतं. आम्ही आमसुलं कुस्करत होतो, तेवढ्यात जिन्यात धडाड्‌ आवाज झाला. कुणीतरी चपलांच्या मांडणीवर आपटलं होतं. मग बेल वाजली.

दारात गावंडे. डोक्याला टॉवेल बांधलेला, एका पायात चप्पल, डोळे अर्धे मिटलेले. तो इतका डोलत होता की त्याला तसं प्यायलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. त्याच्यामागे वानखडे कपाळ धरून, आणि त्याच्यामागे उरलेले दोघं एकमेकांच्या गळ्यात.

"बाई," गावंडे कण्हला, "लय चढली."

बाई दारात उभ्या होत्या. त्यांचं नाक आमसूल जुनं आहे की नवं हे पिशवी न उघडता ओळखायचं. मी त्यांच्या मागे होते आणि मलाही साबणाचा आणि टूथपेस्टचा वास येत होता. चौघांचे केस ओले होते. अंघोळ करून आली होती पोरं.

बाईंनी दार पूर्ण उघडलं. बाजूला झाल्या आणि त्यांना आत घेतलं. मला म्हणाल्या, "मोठं पातेलं काढ."

पोरं सतरंजीवर बसली. कण्हणं चालूच. गावंडे तर मधूनच 'आई गं' म्हणायचा आणि वानखडे त्याला कोपरानं ढोसायचा, पुरे म्हणून. बाई एकेकाकडे बघत होत्या, फळ्याकडे पाठ करून वर्गाकडे बघतात तशा. तेवढ्यात उघड्या दारात कामठे आले. धडाड्‌ आवाज ऐकून त्यांनी खालून डोकावून पाहिलं होतं.

"सापडली का न्हाय!" ते ओरडले. "बाई, ही पिऊन आल्यात. समद्या जिन्यानं डोलत आली, मी बगितलं. आता ठरावाप्रमाणं खोली रिकामी करावी लागंल. तुमीच हात वर केला होता."

पोरांचं कण्हणं एकदम थांबलं.  नाटक त्यांच्या अंगाशी आलं होतं. प्यायलो म्हणावं तर खोली जाणार. नाही म्हणावं तर इथं कशाला आलो ते सांगावं लागणार, आणि ते बाईंच्या तोंडावर कसं सांगायचं? गावंडेनं डोक्याचा टॉवेल हळूच काढला.

"ती प्यायलेली नाहीत," बाई म्हणाल्या.

"मग डोलत्यात कशाला?"

"वास घ्या."

कामठ्यांनी खरंच वाकून गावंडेच्या तोंडाचा वास घेतला. गावंडेनं आ केला. कामठे बुचकळ्यात पडले. "ह्याच्या तोंडाला तर पेस्टचा वास येतुया. मग उताऱ्याला कशापायी आली?"

 बाईंनी टेबलावरची पट्टी उचलली, बघितली आणि परत ठेवली. चुकीचं वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं, आणि हे वाक्य जुळवायला त्यांना वेळ लागत होता.

"उताऱ्याला नाही आली, कामठे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे आली आहेत. मला भेटायला."

 कामठे उभे होते तसे उभे राहिले. रांगडा माणूस, पण शेत गेलेलं, दिवसभर पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसणारा. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"असं व्हय," ते म्हणाले. मग दाराबाहेर जाऊन त्यांनी चपला काढल्या आणि आत येऊन सतरंजीच्या कडेला बसले. "मग मलाबी घाला वाईच. आमच्या घरी समद्यांची सीरियल चालू हाय. कुणाला सवड न्हाय."

"आपल्याला स्वल्पविराम पाळावे लागतील," बाई म्हणाल्या.

"पाळतो की."

बाई आत आल्या. मी मोठं पातेलं चढवलं होतं. त्यांनी पळीभर सार वाटीत घेतलं, तोंडाला लावलं, आणि चष्मा काढून, दाराकडे पाठ करून ओट्याशी उभ्या राहिल्या. बाहेर वानखडे मोठ्यानं पुरवणी वाचायला लागला होता, कुणी न सांगता.

"मंगल, मीठ कमी आहे का गं?"

मी चाखलं. मीठ अगदी बरोबर होतं.

"थोडं लागेल, बाई," मी म्हटलं. "सावकाश घाला. घाई नाही." आणि पेले घेऊन मी बाहेर गेले.